बाजेखालची वाफ

घरातल्या घरात सगळ्या अंगाला शेक देण्याची सर्वांत साधी रीत एका बाजेवर होते. बाज विरळ पण ताठ विणलेली हवी. तिच्यावर एक-दोन घोंगड्या अंथरायच्या, खाली उकळत्या पाण्याचे एक-दोन गंज झाकून ठेवायचे, रोग्याला उताणे निजवायचे आणि वरून अशी पांघरुणे घालायची की त्यांची टोके चहूबाजूंनी जमिनीला टेकतील. मग गंजावरचे झाकण काढायचे. थोड्याच वेळात पाठीला ऊब लागते, कपाळावर घाम फुटतो. पाणी निवले की गंज बदलायचा. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, त्यात ही कृती सांगितली आहे. संधिवात आणि अंगदुखी यांवर तिचा विशेष उपयोग होतो, असे त्यांनी म्हटले आहे. त्यापूर्वीची काही वर्षे ते वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहत होते आणि खेड्यातल्या माणसाला आपल्याच घरच्या सामानात करता येईल तेवढेच सांगायचे, ही त्यांची पद्धत होती.

त्याच पानांवरच्या दोन सूचना आजही कामाच्या आहेत. पाणी उकळते राहावे म्हणून लोक बाजेखाली पेटती शेगडी ठेवतात, ती ठेवू नये. एक ठिणगी उडाली तरी घोंगडी पेट घेईल आणि रोग्याचा जीव धोक्यात येईल. पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकल्याने वाफेचा गुण वाढतो की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. घाम आणणे हा हेतू आहे आणि तो नुसत्या वाफेनेही साधतो, एवढेच ते सांगतात.

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्यात बाज, घोंगडी आणि गंज या तिन्ही वस्तू शोधायला बाहेर जावे लागत नाही. शेकाची गरजही नवी नाही. पेंच नदीवरच्या नवेगाव खैरीच्या धरणाचा हा परिसर. पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर चिखलात वाकून उभ्या असतात. कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. चाळिशी ओलांडली की कंबर धरणे, गुडघे आखडणे, सकाळी उठल्यावर बोटे न वळणे या तक्रारी सुरू होतात आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास आला की त्या वाढल्यासारख्या वाटतात. अशा वेळी औषधाच्या दुकानाआधी हात चुलीकडे जातो. रुईच्या पानाला एरंडेल लावून ते तव्यावर गरम करून गुडघ्यावर बांधणे, जाड्या मिठाची पुरचुंडी तापवून शेकणे, निरगुडीचा पाला उकळून त्या पाण्याचा वाफारा घेणे, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून कमरेला लावणे हे सगळे शेकाचेच प्रकार आहेत. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि तिच्यावर ओवा, बाळंतशेपा यांची धुरी हाही त्यातलाच एक. त्यातला धोका पुढे येईल.

आयुर्वेदात याला स्वेदन म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय पूर्णपणे या विषयाला दिलेला आहे. अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे १३ प्रकार आणि अग्नीशिवाय घाम आणण्याचे १० प्रकार त्यात सांगितले आहेत. बिनअग्नीच्या यादीत व्यायाम, उबदार खोली, जड पांघरूण, ऊन यांच्याबरोबर भूक, भीती आणि रागही आहे. घाम कशाने येतो याचे निरीक्षण किती बारकाईने केले होते, ते यावरून कळते. अग्नीच्या प्रकारांमधला कुंभीस्वेद गांधींच्या बाजेचा पूर्वजच म्हणावा असा आहे. औषधी काढ्याने भरलेली कुंभी जमिनीत पुरायची, वर बाज किंवा आसन ठेवायचे आणि कुंभीत लाल तापवलेले लोखंडाचे गोळे किंवा दगड सोडायचे. जेंताकस्वेद तर एका खोलीत होतो. पाणवठ्याजवळ १६ अरत्नी, म्हणजे साधारण सात मीटर व्यासाची गोल, मातीने लिंपलेली, पुष्कळ झरोक्यांची खोली, भिंतीला लागून बसण्या-निजण्याचा ओटा आणि मधोमध पुरुषभर उंचीची, सच्छिद्र मातीची भट्टी. लाकडे जळून धूर निघून गेला की अंगाला तेल लावलेल्या रोग्याने आत जायचे. घाम भरपूर सुटून अंग हलके वाटेपर्यंत ओट्यावर राहायचे, बाहेर आल्यावर लगेच थंड पाण्याला शिवायचे नाही आणि काही वेळाने कोमट पाण्याने स्नान करायचे. ज्याला आज जग सॉना म्हणते त्याचे हे जवळजवळ पूर्ण वर्णन आहे.

सॉना हा शब्द मात्र फिनलंडचा. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या वर सॉना आहेत. घरातली न्हाणी जितकी सामान्य तितकाच तोही. लाकडाची छोटी खोली, तापवलेल्या दगडांचा ढीग, त्यावर अधूनमधून ओतलेले पळीभर पाणी. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सॉना-परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. भारतात सॉना आणि वाफेची पेटी पोचली ती निसर्गोपचाराच्या वाटेने. जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुई कूने यांच्या वाफस्नानाच्या आणि जलोपचाराच्या पद्धती गांधींनी पुस्तकांतून वाचल्या होत्या. मार्च १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले आणि पुढे मणिभाई देसाई यांनी ते वाढवले. निसर्गोपचार केंद्रांत जी वाफेची पेटी असते तिच्यात माणूस बसतो आणि डोके बाहेर राहते. डोक्यावर ओला पंचा ठेवतात. नाकात गार हवा जात असल्यामुळे जीव घाबरत नाही.

आज बाजारात तीन जातीची घरगुती साधने मिळतात आणि त्यांच्यातला फरक समजल्याशिवाय विकत घेणे म्हणजे पैसे घालवणे आहे. पहिली जात कोरड्या सॉनाची. लाकडी खोली, विजेचा हीटर, दगड, हवेचे तापमान ८० ते १०० अंश सेल्सिअस, दमटपणा १०-२० टक्के. दुसरी वाफेची. कापडी तंबू, चेन, डोके बाहेर काढायला भोक आणि बाहेर ठेवलेले वाफ करणारे छोटे भांडे. आतले तापमान ४०-५० अंश, पण हवा वाफेने भरलेली. तिसरी अवरक्त किरणांची पेटी. तिच्यात हवा ४५ ते ६० अंशांपर्यंतच तापते, कारण उष्णता हवेमार्फत न येता तापलेल्या पट्ट्यांकडून थेट अंगावर येते, जशी हिवाळ्यातल्या उन्हाची येते.

८० अंशांच्या कोरड्या खोलीत माणूस दहा मिनिटे बसू शकतो आणि ५० अंशांच्या वाफेत तेवढाच वेळ जड जातो, हे ऐकायला विचित्र वाटते. नागपूरच्या लोकांना ते कूलरच्या उदाहरणाने लगेच पटेल. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोली गारेगार करतो. जुलैत पारा दहा अंशांनी उतरलेला असतो, पण तोच कूलर निरुपयोगी होतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पावसाळ्याच्या दमट हवेत ते उडत नाही. अंगावरच्या घामाचेही तसेच. एक ग्रॅम घाम उडून गेला की साधारण ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते. वाफेच्या तंबूत घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. उलट वाफ त्वचेवर निवून पाणी होते आणि स्वतःजवळची उष्णता अंगाला देते. म्हणूनच वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा वाईट. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम त्वचेच्या तापमानापर्यंत निवताना ६०-६५ कॅलरी देतो, तर वाफेचा एक ग्रॅम आधी ५४० कॅलरी देतो आणि मग पाणी होऊन पुन्हा तेवढ्याच ६०-६५.

अंग तापू लागले की शरीर ते निववण्याच्या मागे लागते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. एरवी मिनिटाला अर्धा लिटरही रक्त त्वचेकडे जात नाही, तीव्र उष्णतेत ते सात-आठ लिटरांपर्यंत जाऊ शकते. एवढे रक्त फिरवायचे तर हृदयाला काम वाढवावे लागते. नाडी मिनिटाला शंभरीच्या पुढे जाते, कधी दीडशेपर्यंत. भरभर चालण्याने हृदयाला जेवढा व्यायाम होतो तेवढा बसल्याजागी होतो. रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे रक्तदाब बहुधा उतरतो आणि एकदम उभे राहिल्यास भोवळ येते. पंधरा-वीस मिनिटांत साधारण अर्धा लिटर घाम जातो. सांध्याभोवतालचे स्नायू आणि कंडरा उबेने सैलावतात, त्यामुळे आखडलेला गुडघा थोडा अधिक वाकतो.

दुखणे कमी होते ते आणखी एका कारणाने. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी प्रथिने असतात. त्यांतले एक साधारण ४३ अंशांच्या पुढे जागे होते आणि मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही जागे होते. भिवापुरी मिरची तोंडात आग का लावते, त्याचे उत्तर हेच. हे प्रथिन ओळखल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून. त्याहून सौम्य उबेचा संदेश वेगळ्या तंतूंवरून पाठीच्या कण्याकडे जातो आणि तिथे तो दुखण्याच्या संदेशाची वाट अडवतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही कल्पना. मार लागलेली जागा आपण नकळत चोळतो, त्यामागेही हीच यंत्रणा आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की शेक सुखद वाटेल इतकाच गरम हवा. चटका बसेल इतका गरम केल्याने गुण वाढत नाही.

आता खरा प्रश्न. जुनाट आजारात शेकाचा किती उपयोग होतो? एक मोठा अभ्यास फिनलंडमधल्या कुओपिओ भागातला आहे. जारी लौक्कानेन आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ४२ ते ६० वयाचे २,३१५ पुरुष वीस वर्षांहून अधिक काळ पाहिले गेले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून मृत्यू येण्याचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा जाहिरातींत फार वापरला जातो. पण ते केवळ निरीक्षण होते. ज्याची तब्येत मुळात धड आहे तोच आठवड्यातून पाच वेळा सॉनात जातो, ही शक्यता हिशेबातून पूर्ण काढता येत नाही. शिवाय ते बर्फाळ देशातले, लहानपणापासून सॉनाची सवय असलेले पुरुष होते. त्यांच्यावरून पारशिवनीतल्या साठीच्या बाईला काही सांगणे घाईचे ठरेल.

जपानमधला प्रयोग रुग्णांच्या अधिक जवळचा आहे. कागोशिमा विद्यापीठाचे डॉ. चुवा तेई यांनी १९८९ पासून हृदय दुबळे झालेल्या रुग्णांवर मंद उष्णतेचा उपचार सुरू केला. ६० अंशांच्या अवरक्त सॉनात १५ मिनिटे, मग अंगभर पांघरूण घेऊन ३० मिनिटे पडून राहायचे आणि गेला तेवढा घाम पाणी पिऊन भरून काढायचा. त्यांनी त्याला ‘वाओन’ म्हणजे हळुवार ऊब असे नाव दिले. उपचारानंतर रुग्णांना बरे वाटले, ते थोडे अधिक चालू शकले. मात्र २०१६ मध्ये जपानच्या अनेक रुग्णालयांत मिळून १४९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, हृदयावरचा ताण दाखवणारे जे रसायन मोजायचे ठरले होते, त्यात उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच धर्तीवर जुनाट वेदनांच्या ४६ रुग्णांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सगळ्यांना औषध, व्यायाम, समुपदेशन असा एकत्रित उपचार मिळाला आणि त्यांतल्या काहींना चार आठवडे मंद सॉनाही. दोन वर्षांनी सॉना घेतलेल्यांपैकी ७७ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ५० टक्के कामावर परतले होते. अंगभर दुखत राहणाऱ्या फायब्रोमायाल्जियाच्या आणि न जाणाऱ्या थकव्याच्या रुग्णांवरही जपानमध्ये असे प्रयोग झाले आणि आराम पडल्याचे नोंदले गेले, पण त्यांतली रुग्णसंख्या हाताच्या बोटांवर मोजण्याच्या फार पलीकडे जात नाही.

आमवाताबद्दलचा नेदरलँड्समधला अभ्यास सर्वांत प्रामाणिक चित्र देतो. आमवाताचे १७ आणि पाठीचा कणा ताठर करणाऱ्या संधिदाहाचे १७ रुग्ण चार आठवड्यांत आठ वेळा अवरक्त सॉनात बसले. पेटीत असताना वेदना आणि ताठरपणा स्पष्ट कमी झाला. नंतर टिकून राहिलेला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. आजार वाढलाही नाही. घरोघरच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. शेकले की दोन घटका बरे वाटते, झोप लागते, सकाळी पुन्हा सांधे धरतात. हे थोडके नव्हे. ज्या बाईला रात्रभर गुडघ्याच्या ठणक्याने झोप नाही, तिला चार तासांची सलग झोप मोलाची आहे आणि त्या सैलावलेल्या वेळात गुडघ्याचे व्यायाम करून घेता आले तर गुण आणखी टिकतो. पण आमवात हा शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याचा आजार आहे. त्याची गोळी बंद करून शेकावर विसंबले तर सांधे कायमचे वाकडे होतात. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असताना त्याला शेक देऊच नये. त्या वेळी गार घडी बरी.

घामावाटे शरीरातले विष निघून जाते, हा विक्रेत्यांचा आवडता दावा. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शिसे, पारा यांचे अंश त्यात सापडतात, पण रक्त स्वच्छ करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घाम फार गेल्याने पाणी कमी पडले तर त्याच मूत्रपिंडांवर ताण येतो. वजन उतरते तेही पाण्याचे. दोन पेले पाणी प्यायले की परत येते.

शेक कोणी घेऊ नये, हा भाग विदर्भात विशेष जपून वाचायला हवा, कारण इथे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडल्यासारख्या कळा येतात. कळा आल्या की उबदार शेकाने बरे वाटते, म्हणून पूर्ण अंगाला वाफ दिली तर आणखी बरे वाटेल, असा विचार घरच्यांच्या मनात येणे अगदी साहजिक आहे. पण शरीरातले पाणी कमी होणे हेच या पेशींना विळ्याचा आकार देणाऱ्या कारणांपैकी एक. दुखऱ्या जागेवर कोमट पाण्याची पिशवी ठेवावी, भरपूर पाणी पाजावे आणि रुग्णाला रुग्णालयात न्यावे. घाम काढणारा वाफारा, तंबू किंवा पेटी सिकलसेलच्या रुग्णासाठी नाही.

दुसरी मोठी संख्या मधुमेहींची. जुन्या मधुमेहात पायांच्या संवेदना बोथट होतात. चटका बसतो आणि कळत नाही. त्वचा भाजायला फार उष्णता लागते असे नाही. ४४ अंशांची वस्तू सहा तास अंगाला चिकटून राहिली तरी भाजते आणि ६० अंशांच्या पाण्याला पाच सेकंद पुरतात. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपलेल्या मधुमेह्याला सकाळी फोड दिसतो, तो असा. इन्सुलिन टोचून लगेच शेक घेतला तर ते रक्तात वेगाने शोषले जाते आणि साखर एकदम उतरू शकते. चरकाने स्वेदन वर्ज्य असलेल्यांची जी यादी दिली आहे तिच्यात मधुमेही आहेत, गरोदर स्त्री आहे, रोज मद्य पिणारा आहे, जुलाब लागलेला, तहानलेला आणि उपाशी माणूस आहे. डोळे, हृदय आणि वृषण यांना जपायला तो सांगतो. आजचे डॉक्टर या यादीत भर घालतात ती अशी: नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, विश्रांतीतही छातीत दुखणारा, हृदयातली महाधमनीची झडप अरुंद झालेला रुग्ण. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. वेदनाशामक औषधाची पट्टी त्वचेवर लावलेली असेल तर उष्णतेने औषध जास्त शोषले जाते.

एका आजारात तर शेक उलटाच काम करतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारात अंग थोडे तापले तरी नजर अंधुक होते, पाय लटपटतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे पहिल्यांदा नोंदवले. निवल्यावर लक्षणे पुन्हा पूर्वीसारखी होतात. अशा रुग्णाला नागपूरच्या उन्हाळ्यात वाफेपेक्षा कूलरसमोरची जागा आणि गार पाण्याची अंघोळ हवी.

ज्यांना शेक चालतो त्यांच्यासाठी घरात तीन धोके राहतात: निखारे, उकळते पाणी आणि वीज. निखाऱ्यांचा धोका सर्वांत फसवा. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून धूर गेला की आता काही भीती नाही असे वाटते आणि जुने ग्रंथही धूर निघून गेल्यावरच आत जायला सांगतात. पण लालबुंद, बिनधुराचे निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. जेंताकाच्या खोलीला पुष्कळ झरोके होते. थंडीने दारे-खिडक्या लावून घेतलेल्या बाळंतिणीच्या खोलीला ते नसतात. बाजेखालची शेगडी म्हणून पूर्णपणे सोडावी आणि ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी किंवा गंज वापरावा.

वाफेच्या भांड्याने भाजण्याचे प्रकार करोनाच्या काळात वाढले. घराघरांत लोक दिवसातून चार-चारदा वाफ घेत होते, मांडीवर पातेले, डोक्यावर चादर आणि शेजारी खेळणारे मूल. वाफेने तो विषाणू मरतो याला आधार नव्हता, पोळलेल्या मांड्या मात्र खऱ्या होत्या. गंज बाजेखाली ठेवताना तो जमिनीवर, सपाट जागी, बाजेच्या मधोमध आणि विणीपासून दोन वीत तरी खाली असावा. लोंबणारे हात-पाय वर घ्यावेत. झाकण काढणाऱ्याने तोंड बाजूला ठेवून ते आपल्यापासून दूर उघडावे. लहान मूल आणि कोंबड्या-शेळ्या त्या खोलीत नसाव्यात.

विजेच्या साधनाबाबत सांगायचे ते थोडक्यात. ओले अंग आणि वीज यांची गाठ पडू नये. तंबूचे वाफभांडे साधारण एक किलोवॅटच्या आसपास वीज खाते. ते मोठ्या तीन पिनांच्या प्लगवर, अर्थिंग तपासून आणि गळतीची वीज ओळखून आपोआप बंद होणारा स्विच बसवून मगच लावावे. खऱ्या लाकडी सॉनाला सहा-आठ किलोवॅट लागतात. गावातल्या घरगुती जोडणीवर तो चालवण्याचा विचार करू नये.

शेक घ्यायचा तो जेवणानंतर दोन तासांनी, उपाशीपोटी नाही. आधी पेलाभर पाणी प्यावे. पहिल्यांदा पाच-सात मिनिटे पुरेत. आठवडाभरात वाढवत पंधरा मिनिटांपर्यंत जावे, पुढे नको. कपाळावर ओला पंचा ठेवावा. खोलीत दुसरे कोणीतरी हवे, हाक मारल्यावर ओ देईल इतक्या अंतरावर. डोके दुखू लागले, मळमळले, छातीत धडधडले किंवा घाम एकदम थांबला तर लगेच पांघरूण काढावे. उठताना आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून बाजेच्या कडेवर दोन मिनिटे बसावे, मग उभे राहावे. पडझड होते ती याच क्षणी. त्यानंतर सुका पंचा घेऊन अर्धा तास पडून राहावे आणि मीठ घातलेले लिंबूपाणी प्यावे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी घामाचे उपचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नयेत. पाण्यात निरगुडीचा पाला टाकला तर वास छान येतो आणि मन शांत होते, पण घाम काढण्याचे काम वाफच करते.

पारशिवनीच्या हवेत या उपचाराचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत संपतो. मार्चअखेर दुपारचे पत्रे तापू लागले की शरीराला दिवसभर तोच ताण सोसावा लागतो, आणि त्यावर सायंकाळी वाफ देणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तेव्हाही सर्वांगाचा शेक नको. रोवणीच्या दिवसांत कंबर धरली तर तेवढ्या जागेवर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून वीस मिनिटे ठेवावी आणि दर पाच मिनिटांनी त्वचेचा रंग पाहावा.